अर्धी टाकी

बाजारात सगळे त्यांना काटेवाले म्हणत. वजनकाटे दुरुस्त करणारे इतरही दोघेतिघे होते, पण ते नुसते कारागीर; काटेवाले म्हटलं की हेच. चौतीस वर्षं एकाच गाळ्यात, एकाच स्टुलावर बसून त्यांनी वाण्याचे, सोनाराचे, भंगारवाल्याचे काटे सरळ केले होते. एकदा एका दुकानदाराने हळूच विचारलं होतं, "दहा ग्रॅम आमच्याकडे झुकवता येईल का?" काटेवाल्यांनी त्याचा काटा शांतपणे उघडला, सगळे भाग सुटे केले, पिशवीत भरले आणि पिशवी त्याच्या हातात देऊन म्हणाले, "घ्या, आता हवा तेवढा झुकवा."

ही गोष्ट त्यांची बायको पाहुण्यांना रंगवून सांगायची. सांगताना तिचा आवाज जरा चढायचा. असा माणूस घरात असणं अभिमानाचं खरंच, पण सोपं मुळीच नव्हतं. चहात साखर किती घातली विचारलं आणि "दीड चमचा" म्हणून दोन घातली, तर पहिल्या घोटाला कप खाली ठेवायचे. रागवायचे नाहीत. नुसते म्हणायचे, "दोन आहे." मग ती म्हणायची, "अहो, जिभेत काय स्प्रिंग बसवलीय का?"

विमानांचं वेड लहानपणापासूनचं. चष्म्याच्या जाड नंबरामुळे खऱ्या विमानाच्या जवळपास जाणं शक्य नव्हतं. पन्नाशी उलटल्यावर मुलीने तिचा जुना कॉम्प्युटर दिला, सोबत एक जॉयस्टिक दिली आणि लढाऊ विमानं उडवायचा एक खेळ त्यात घालून दिला. "बाबा, आता बसा उडत," म्हणून ती नोकरीच्या गावी निघून गेली. मुलीला वाटलं, महिनाभर खेळतील. पण काटेवाले खेळणाऱ्यांतले नव्हतेच. पहिल्या आठवड्यात त्यांनी शत्रूचं एकही विमान पाडलं नाही. ते फक्त मोजत बसले.

त्या खेळात एकाच जुन्या लढाऊ विमानाच्या तीन आवृत्त्या होत्या. युद्ध वाढत गेलं तसा कारखाना त्याच विमानात सुधारणा करत गेला होता. पहिली आवृत्ती हलकी, साध्या इंजिनाची. दुसरीत वैमानिकाच्या पाठीमागे पोलादी पत्रा आला, दोन बंदुका वाढल्या. तिसरीत मोठं इंजिन, आणि त्याला पेलायला सगळंच मोठं. काटेवाल्यांनी त्यांची नावं ठेवली: थोरलं, मधलं आणि धाकटं.

"थोरलं उपाशी आणि धाकट्याला तूपरोटी," बायको म्हणायची. "तुमच्या घरातच शोभतंय."

"प्रत्येक सुधारणेला वजन असतं," काटेवाले म्हणायचे. "ते कुणी धरत नाही."

फोनवर त्यांचा एक गट होता, अकरा जणांचा. कुणी कुणाला प्रत्यक्ष पाहिलेलं नव्हतं. त्यातल्या सगळ्यात बोलक्या माणसाला सगळे कॅप्टन म्हणत. कॅप्टन म्हणजे निवृत्त बसकंडक्टर होता. त्याचं म्हणणं, सुधारणा झाली म्हणून तर नवी आवृत्ती निघाली, कारखानेवाले काय मूर्ख होते? धाकटंच सगळ्यात भारी. काटेवाल्यांचं म्हणणं, सरळ पळण्यात असेल, पण वळणात नाही. लढाईत विमानं एकमेकांच्या पाठीमागे गोल गोल फिरतात. ज्याचं वर्तुळ लवकर पुरं होतं ते दुसऱ्याच्या पाठीवर बसतं. आणि थोरलं हलकं, म्हणून वळणात थोरलंच जिंकणार. हा वाद दोन वर्षं चालला. त्यात कॅप्टनचे विनोद असत आणि काटेवाल्यांचे आकडे.

मग एका सकाळी दाढी करता करता काटेवाल्यांच्या डाव्या हातातली वाटी खाली पडली आणि पाठोपाठ तेही बसले.

जीव वाचला. बोलणं शाबूत राहिलं. चालणं महिन्याभराने आलं. डावा हात मात्र नावापुरता उरला. टेबलावर ठेवला तर तिथेच राहायचा, विसरलेल्या हातमोज्यासारखा. डॉक्टर म्हणाले, मनाला त्रास होईल असं काही नको. बायकोने ते वाक्य पदराला गाठ मारून ठेवलं.

गाळा तीन महिन्यांनी उघडला. एका हाताने ते काटे दुरुस्त करू लागले, दुसऱ्या हाताचं काम ती करायची. पाना धर, स्क्रू दे, पारडं उचल. आणि दुपारी घरी आल्यावर कॉम्प्युटरसमोरही तेच. उजव्या हातात जॉयस्टिक त्यांच्या. डावीकडच्या खुर्चीवर ती. इंजिनाचा जोर वाढवणं, बटणं दाबणं, उड्डाणाआधी पडद्यावरची पट्टी सरकवून टाकीत तेल किती ते ठरवणं, सगळं तिच्याकडे. ते "हां" म्हणाले की ती फोनवरचं घड्याळ सुरू करायची, पुन्हा "हां" म्हणाले की थांबवायची, आणि आकडा वहीत लिहायची.

पहिल्यांदा तिला हसू यायचं. मग आवडायला लागलं. लग्नाला एकतीस वर्षं झाली होती, पण इतकं लागून ती दोघं कधी बसली नव्हती. त्यांना दुकान, तिला घर, मधे मुलगी. आता ढगांच्या वर, कुठल्यातरी समुद्रावर, ती दोघं रोज तासभर फिरायची. "डावीकडे बघा, बेट आहे," ती म्हणायची. "बेट नको, उंची सांग," ते म्हणायचे. "मेलं माणूस फिरायलाही नेईल तर वजनकाटा घेऊन," ती म्हणायची आणि उंची सांगायची.

त्याच दिवसांत ते घडलं. सरावाचं उड्डाण होतं, मोजणी अजून सुरू व्हायची होती. थोरल्याची टाकी मुळातच लहान. काटेवाले वर्तुळामागून वर्तुळं काढत राहिले आणि तेल संपलं. इंजिन खोकलं, थांबलं. विमान नाक खाली करून पाण्याकडे निघालं. पडद्यावरचंच विमान ते, पण काटेवाल्यांचा चेहरा पांढरा पडला. जॉयस्टिकवरचा चांगला हातही त्यांनी काढून घेतला. "गेलं," ते म्हणाले. "हातातून गेलं बघ." त्यांना तिने पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला. पण त्या रात्री ते जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून खरी मोजणी सुरू झाली. गटात जाहीर झालं होतं, कॅप्टननेच अट घातली होती: तिन्ही आवृत्त्या, प्रत्येकी नऊ उड्डाणं, उंची तीच, हवा तीच, टाकी प्रत्येकाची अर्धी. निकाल लागेल तो दोघांनी मान्य करायचा.

काटेवाल्यांची पद्धत ठरलेली. उड्डाणाआधी ते विचारायचे, "टाकी अर्धी?"

"अर्धी," ती म्हणायची.

मधल्याची आणि धाकट्याची ती अर्धीच ठेवायची. थोरल्याची मात्र पूर्ण भरायची. तिने फार विचार केला नव्हता. घराबाहेर निघालेल्या माणसाच्या डब्यात एक पोळी जास्त घालावी, तसंच ते. पडद्यावरच्या तेलाला कसलं आलंय वजन? पुन्हा मधेच इंजिन बंद पडायला नको, पुन्हा तो पांढरा चेहरा नको, एवढंच तिच्या डोक्यात. तेलाचा काटा पडद्यावर होता, पण खाली कोपऱ्यात, जॉयस्टिकच्या दांड्याच्या आड. काटेवाले तिकडे बघायचे नाहीत. त्यांनी विचारलेलं होतं आणि तिने सांगितलेलं होतं.

पहिल्याच दिवशी ते म्हणाले, "आज हे जड का वाटतंय?"

"हात थकला असेल," ती म्हणाली.

त्यांनी उजव्या हाताकडे पाहिलं.

दोन महिन्यांत सत्तावीस उड्डाणं झाली. मधल्याचं वर्तुळ साडेएकोणीस सेकंदांत. धाकट्याचं एकोणीसला थोडं कमी. आणि थोरल्याचं वीस. वीस, एकोणीस पूर्णांक नऊ, पुन्हा वीस. नऊच्या नऊ वेळा थोरलं सगळ्यांत मागे.

शेवटचा आकडा लिहून झाल्यावर काटेवाल्यांनी वही मागून घेतली. बराच वेळ पानं चाळली. मग चष्मा काढून ठेवला आणि म्हणाले, "म्हणजे माझ्या हाताला काही कळेनासं झालंय."

"अहो, हरलं एखादं विमान तर काय बिघडलं?"

"विमान नाही गं. मला ते हलकं असायला हवं होतं आणि जड लागत होतं. आधी कधी असं लागलं नाही. काट्यावर बोट ठेवलं की मला कळायचं, कुठे अडतोय ते. ते गेलं बहुतेक."

गटात त्यांनी सगळे आकडे टाकले आणि खाली एका ओळीत लिहिलं: कॅप्टनचं म्हणणं बरोबर होतं, माझं चूक. कॅप्टनने खाली लिहिलं, "काटेवाल्यांचाच काटा खोटा निघाला!" आणि हसरे चेहरे टाकले. बाकीच्या नऊ जणांनीही टाकले. त्यात कुणाच्या मनात वाईट नव्हतं. पण काटेवाल्यांनी फोन उपडा ठेवला आणि त्यानंतर गटात ते एक अक्षर बोलले नाहीत. जॉयस्टिक टेबलाच्या खणात गेली.

आठवड्याने जेवताना ते म्हणाले, "गाळा सोडतोय. पुढच्या शनिवारी त्या इलेक्ट्रॉनिक काटेवाल्याला हत्यारं देऊन टाकतो. बोललोय मी त्याच्याशी."

तिच्या हातातला घास हातातच राहिला. "का? गिऱ्हाईक काही बोललं?"

"गिऱ्हाईक कशाला बोलेल? ज्याला स्वतःचा आकडा ओळखता येत नाही त्याने दुसऱ्याच्या काट्याला हात लावू नये."

ती म्हणाली, हा कसला वेडेपणा. मुलीला फोन लावून दिला, मुलगी म्हणाली, "बाबा, आरामच करा आता, किती वर्षं केलंत." त्यावर ते "बरोबर आहे" म्हणाले. असं निमूट ते कधीच म्हणत नसत. गाळ्याशिवाय हा माणूस दिवसभर काय करणार ते तिला दिसत होतं: खिडकीशी खुर्ची आणि खुर्चीच्या हातावर तो हात.

गुरुवारी दुपारी ते जरा आडवे झाले असताना तिच्या फोनवर कॅप्टनचा फोन आला. आवाज पहिल्यांदाच ऐकत होती ती. बसभर ऐकू जाईल असा.

"वहिनी, काटेवाले माझा फोन घेत नाहीत. रागावलेत का?"

"रागावतील कशाला?"

"मी गंमत केली हो. अहो, मला त्यांची वही हवीय. त्यांनी सगळे आकडे टाकले होते ना, ते मी कागदावर मांडून बसलोय चार दिवस. माझा विश्वास बसेना."

"तुम्हीच जिंकलात की."

"तेच तर. मी असा कधी जिंकत नाही," कॅप्टन म्हणाला. "बघा वहिनी, हात चुकला असता तर आकडे पांगले असते. एकदा अठरा, एकदा बावीस. यांचे नऊ आकडे एका ओळीत उभे आहेत, पोलिसांच्या परेडसारखे. दोन्ही हात धड असून मला हे जमणार नाही. म्हणजे हात पक्का आहे. विमानातच काहीतरी जास्त होतं. दीडदोनशे किलो. टाकी अर्धीच होती ना?"

ती स्वयंपाकघरात उभी होती. समोर ओट्यावर तेलाचा पाच लिटरचा कॅन होता. सकाळीच तिने तो जिन्यावरून वर आणला होता, दोनदा खाली टेकवत.

"बघून सांगते," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

गुरुवार गेला. शुक्रवारची सकाळही गेली. मधल्या वेळात तिने मनाला बरंच समजावलं. गाळा सुटला तर सुटला, प्रकृतीला बरंच. मुलगीही म्हणतेय. कॅप्टनला काय, आज हे म्हणेल उद्या ते. पण शुक्रवारी दुपारी काटेवाले पितळी वजनांची पेटी उघडून बसले. एकेक वजन ते फडक्यात धरून पुसत होते. एका हाताने पुसणं जमत नव्हतं, म्हणून वजन गुडघ्यांत धरत होते. तिला बोलावलं नव्हतं.

ती समोर जाऊन बसली. "अहो, थोरल्याची टाकी मी पूर्ण भरत होते."

त्यांचा हात थांबला.

"तेल संपलं होतं ना तेव्हा, म्हणून. तुमचा हात नाही चुकला. कॅप्टनही तेच म्हणतायत. तुम्हाला जड लागत होतं, ते जडच होतं."

"किती वेळा?"

"नऊच्या नऊ."

त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळलं. तेवढा एक क्षण तिने नंतर पुन्हा पुन्हा आठवला. त्यांनी उजवी मूठ उघडली, मिटली, आणि ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं. मग ते हसू तिथेच थांबलं.

"पण मी विचारत होतो."

"हो."

"दर वेळी विचारत होतो, अर्धी का. आणि तू म्हणायचीस, अर्धी."

"तुम्हाला त्रास नको म्हणून हो. डॉक्टर म्हणाले होते..."

"काटा माझ्या समोर होता. मान जराशी वाकडी केली असती तर दिसला असता. तू सांगितलंस म्हणून मी बघितलं नाही." ते थांबले. "जड लागतंय म्हणालो तर म्हणालीस, हात थकला असेल."

तिने पेटीतलं एक वाकडं बसलेलं वजन सरळ केलं.

"अजून कशात?" त्यांनी विचारलं.

इथे ती "कशातच नाही" म्हणू शकली असती. तोंडाशी आलंही होतं. पण समोर पितळी वजनांची पेटी उघडी होती आणि तो माणूस तिच्याकडे तसा बघत होता, जसा पारड्याकडे बघायचा. तिने सांगून टाकलं. झटक्यानंतर गाळा उघडला तेव्हापासून, ते हात धुवायला गेले की ती त्यांनी दुरुस्त केलेला प्रत्येक काटा पुन्हा तपासत होती. याच वजनांनी. गिऱ्हाईकाकडे चुकीचा काटा गेला तर त्यांचं नाव जाईल, म्हणून.

"किती सापडले चुकीचे?"

"एकही नाही."

"एकही नाही," ते म्हणाले. "आणि तरी तू बघतच राहिलीस."

त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर तिला बरं वाटलं असतं. ती रडली असती, तेही विरघळले असते, एकतीस वर्षांत असं कितीदा झालं होतं. त्यांनी राहिलेली वजनं पुसली, मापाप्रमाणे खाचांत बसवली, पेटी बंद केली आणि फोन घेऊन इलेक्ट्रॉनिक काटेवाल्याला सांगितलं की हत्यारं देणार नाही. मग तिला म्हणाले, "चहा करतेस का?" तिने केला. साखर दीड चमचा घातली, अगदी मोजून. ते प्याले आणि म्हणाले, "आभारी आहे."

हा शब्द त्यांनी तिला कधीच म्हटलेला नव्हता. पाहुण्यांना म्हणायचे.

सोमवारी गाळा उघडला. ती नेहमीप्रमाणे चप्पल घालून निघाली, तर ते म्हणाले, "तू राहू दे, घरी खूप काम असतं." त्यांनी एका लाकडी फळीवर जुना लोखंडी शिकंजा ठोकून घेतला होता. पाना त्यात आवळायचा, काटा दुसऱ्या फळीला टेकवायचा. एका हाताला जेवढं जमतं तेवढंच काम ते घेऊ लागले. बाकीच्या गिऱ्हाइकांना सांगायचे, हे माझ्याच्याने होणार नाही, दुसरीकडे न्या.

घरी जॉयस्टिक खणातून बाहेर आली. एके दिवशी ती भाजी घेऊन परतली, तर टेबलाखाली एक पायपट्टी बसवलेली होती, पायाने दाबली की घड्याळ सुरू होणारी. बटणं त्यांनी उजवीकडे घेतली होती. इंजिनाचा जोर आधीच पूर्ण करून ठेवायचे. तेलाची पट्टी उजव्या हातानेच सरकवायचे, नाक पडद्याला लावून बघायचे, मग मागे टेकायचे. डावीकडची खुर्ची जेवणाच्या टेबलापाशी परत गेली होती.

"मी घड्याळ धरू का?" तिने एकदा दारातून विचारलं.

"नको. जमतंय मला."

जमत होतं, हे खरं होतं. त्यांचा रंग सुधारला होता. जेवण वाढलं होतं. डॉक्टर म्हणाले, "फारच छान, वहिनींनी काळजी घेतलेली दिसते." त्यावर काटेवाले म्हणाले, "हो, फार घेतली." ती त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. टोमणा असता तर तिला ओळखू आला असता. तोही नव्हता.

ते तिच्याशी वाईट वागत नव्हते. भाजी चांगली झाली म्हणायचे. वीज गेली तर कंदील आधी तिच्याजवळ ठेवायचे. फक्त काही विचारायचे नाहीत. दूध आलं का, कुलूप लावलं का, औषधाची वेळ झाली का, सगळं स्वतः उठून बघायचे. कडी लावून ती आत आली की पाच मिनिटांनी ते पाय ओढत दारापर्यंत जायचे आणि कडीवरून बोट फिरवून यायचे. एकदा न राहवून ती म्हणाली, "अहो, लावलीय मी." ते म्हणाले, "असेल ना," आणि तरी गेले.

थोरल्याचं वर्तुळ किती सेकंदांत झालं ते तिला कळलं नव्हतं. विचारायचा धीर नव्हता. दीड महिन्याने एका रविवारी सकाळी मुलीचा फोन आला. मुलगी आता त्या गटात शिरली होती, बाबांच्या गमती बघायला.

"आई, बाबा जिंकले! सगळी उड्डाणं त्यांनी परत केली म्हणे. थोरलं अठरा पूर्णांक सहा. कॅप्टनकाका नुसते नाचतायत तिथे, हरले तरी. तुला सांगितलं नाही का बाबांनी?"

"कामात होते गं," ती म्हणाली. "काय लिहिलंय? वाच की."

"थांब. आकडे खूप आहेत... हां, खाली लिहिलंय: 'आधीचे सर्व आकडे रद्द समजावेत. टाकी भरताना मदतनीसाकडून चूक झाली होती. आता सर्व उड्डाणं मी एकट्याने केली आहेत, त्यामुळे आकड्यांची खात्री देता येते.'"

"पुन्हा वाच," ती म्हणाली. मुलीने पुन्हा वाचलं.

बाहेरच्या खोलीतून इंजिनाचा आवाज येत होता, सरळ, न अडखळणारा.

"काय पण बाबा," मुलगी हसत म्हणाली. "मदतनीस! आई, कोण गं हा मदतनीस?"

ती ओट्याला टेकली. "होती एक बाई," ती म्हणाली. "आता येत नाही."